दुसऱ्या मुलाखतीची धास्ती

नोकरीच्या मुलाखतीची भीती सुशिक्षित तरुणांना नवी नाही. पहिल्या मुलाखतीस निघालेल्या उमेदवाराला घरची मंडळी धीर देतात, शिक्षक चार गोष्टी समजावून सांगतात, मित्र स्टेशनपर्यंत सोबत करतात. दुसऱ्या मुलाखतीच्या वेळी मात्र हे चित्र पालटते. “एकदा जाऊन आला आहे, आता त्याला कसली भीती?” असे समजून सर्वजण निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी उमेदवाराच्या मनावर अधिक ताण असल्याचे पुष्कळदा आढळून येते. या ताणाचे स्वरूप निराळे असते आणि म्हणून त्यावरील उपायही निराळे असतात.

दुसरी मुलाखत दोन प्रकारची असू शकते. कारखाने, बँका व खाजगी संस्था यांमध्ये एकाच पदासाठी दोन फेऱ्या घेण्याची पद्धत आहे. पहिल्या फेरीत उमेदवाराची पात्रता व सर्वसाधारण वागणूक पाहिली जाते, तर दुसऱ्या फेरीत ज्या विभागात काम करावयाचे त्या विभागाचे प्रमुख त्याला पारखून घेतात. दुसरा प्रकार लोकसेवा आयोगांच्या परीक्षांत दिसून येतो. एका वर्षी मुलाखतीपर्यंत पोहोचूनही अंतिम यादीत नाव न आलेला उमेदवार पूर्वपरीक्षा व मुख्य परीक्षा पुन्हा उत्तीर्ण होतो आणि पुन्हा एकदा मंडळासमोर जाऊन बसतो. हे दोन्ही उमेदवार एका बाबतीत सारखे असतात. पहिल्या मुलाखतीच्या वेळी त्यांच्यापाशी गमावण्यासारखे फारसे नव्हते. दुसऱ्या वेळी यश हाताच्या अंतरावर आलेले असते. पहिल्या वेळची भीती अपरिचित गोष्टीची होती, तर दुसऱ्या वेळची भीती आठवणीतून आलेली असते.

मुलाखतीचे नेमके महत्त्व

केंद्र शासनाने गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. त्यामुळे शासकीय सेवेत मुलाखत आता मुख्यतः वरच्या जबाबदारीच्या पदांपुरती उरली आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी १७५० गुण लेखी परीक्षेला आणि २७५ गुण मुलाखतीला, म्हणजेच व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेसाठीही २०२५ पासून याच धर्तीचा आराखडा स्वीकारण्यात आला आहे.

मुलाखतीचा वाटा मर्यादित असावा, हा विचार आपल्याकडे न्यायालयांनीही मांडला आहे. अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये, महाविद्यालयीन प्रवेशासाठी एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीचे ठरविले व १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. त्या प्रकरणात एकेका उमेदवाराची मुलाखत अवघ्या दोन-तीन मिनिटांत आटोपण्यात आली होती. पुढे १९८५ मध्ये अशोककुमार यादव खटल्यात राज्य सेवांच्या निवडीसाठी १२.२ टक्के हे प्रमाण न्यायालयाने योग्य मानले. आजच्या नागरी सेवा परीक्षेत हे प्रमाण सुमारे १३.६ टक्के आहे.

या आकड्यांचा अर्थ उमेदवाराने नीट समजून घेतला पाहिजे. मंडळासमोर बसण्यापूर्वीच बहुतांश गुणांचा निर्णय होऊन गेलेला असतो आणि ते गुण त्याने स्वतःच्या कष्टाने मिळविलेले असतात. मुलाखतीत एखादे उत्तर चुकले म्हणून ते गुण कोणी काढून घेत नाही. त्याचबरोबर हेही खरे की, यादीच्या कडेवर असलेल्या उमेदवाराचे भवितव्य थोड्याशा गुणांनी बदलते. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास नागरी सेवा परीक्षेच्या सहाच संधी मिळतात. मुलाखतीत मागे पडलेल्यास पुढील वर्षी पूर्वपरीक्षेपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. ज्या घरात मुलाच्या अभ्यासासाठी जमिनीचा तुकडा गहाण पडला आहे किंवा धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबले आहे, त्या घरातील उमेदवाराच्या भीतीला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणून चालणार नाही. तिच्यामागे खरा व्यवहार असतो.

भीती म्हणजे आजार नव्हे

मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या उमेदवाराची छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो. शरीराच्या या प्रतिक्रियेचे विवेचन अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले होते. संकट समोर दिसताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त जाते आणि पचनाचे काम मंदावते. झुंज द्यावयाची असो वा पळून जावयाचे असो, शरीर दोन्हींसाठी सज्ज होते. निवड मंडळ म्हणजे वाघ नव्हे, परंतु शरीराला हा भेद लगेच उमगत नाही.

ही सज्जता सर्वस्वी अपायकारकही नसते. यर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, काम अवघड असताना फार सौम्य किंवा फार तीव्र उत्तेजनेपेक्षा मध्यम उत्तेजनेने ते लवकर शिकले जाते. माणसाच्या बाबतीतही अनुभव असाच आहे. ज्याला कसलीच फिकीर नाही तो तयारी करीत नाही. जो भीतीने ग्रासला आहे त्याला तयारी केलेले आठवत नाही. भीती समूळ नाहीशी करण्याचा ध्यास उमेदवाराने घेऊ नये. तिला आटोक्यात ठेवणे एवढेच साध्य पुरेसे आहे.

दुसऱ्या वेळी घडणाऱ्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे जुन्या मुलाखतीचीच पुन्हा तयारी करणे. समजा, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातील एका उमेदवाराला पहिल्या मुलाखतीत विचारण्यात आले की, अवर्षणप्रवण तालुक्यात डाळिंबाच्या बागा कशा वाढल्या? घरची बाग असूनही तो अडखळला. हलकी जमीन, कोरडी हवा आणि ठिबक सिंचन यांचा मेळ त्याला त्या क्षणी सांगता आला नाही. ही बोच मनात धरून पुढचे वर्षभर तो डाळिंबाचाच अभ्यास करतो. मृग, हस्त व आंबिया बहारांपासून तेल्या रोगापर्यंत सर्व काही त्याला मुखोद्गत होते. दुसऱ्या मुलाखतीत मंडळ डाळिंबाचा उल्लेखही करीत नाही आणि अर्जात छंद म्हणून लिहिलेल्या कुस्तीविषयी विचारते. उमेदवार पुन्हा अडखळतो. एका चुकलेल्या प्रश्नाने त्याचे सारे लक्ष वेधून घेतले, एवढाच त्याचा दोष. दुसऱ्या मुलाखतीत मंडळ निराळे असते, त्यामुळे प्रश्नही निराळे असतात.

दुसरी चूक म्हणजे भीती मनातून हद्दपार करण्याचा अट्टाहास. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात तोच विचार वारंवार येत राहिला. इतकेच नव्हे, तर मोकळीक मिळाल्यावर तो अधिकच उसळून आला. “मागच्या वेळेसारखे होता कामा नये” असे स्वतःस सतत बजावणारा उमेदवार आपल्या अपयशाचीच उजळणी करीत असतो.

तिसरी चूक म्हणजे आपली भीती सर्वांना दिसते आहे, असे समजणे. गिलोविच, सॅविट्स्की आणि मेडवेक यांच्या १९९८ च्या अभ्यासाने दाखवून दिले की, आपल्या मनातील भावना समोरच्यास जितक्या स्पष्ट दिसतात असे आपल्याला वाटते, तितक्या त्या दिसत नसतात. सॅविट्स्की व गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही गोष्ट आधी समजावून दिलेल्या व्यक्तींची भाषणे इतरांपेक्षा सरस झाली. आवाजातील कंप उमेदवाराच्या स्वतःच्या कानांना जेवढा मोठा वाटतो तेवढा तो टेबलापलीकडे पोहोचत नाही. हे केवळ माहीत असण्यानेही बराच धीर येतो.

टिपणवहीचा उपयोग

दुसऱ्या मुलाखतीच्या उमेदवारापाशी एक मौल्यवान साधन असते, ते म्हणजे पहिल्या मुलाखतीचा अनुभव. परंतु अनुभव नुसत्या आठवणीत ठेवला तर काळाबरोबर त्याचे रूप बदलते. बरी दिलेली वीस उत्तरे विसरली जातात आणि फसलेली दोन उत्तरे मोठी होत जातात. यासाठी मुलाखत झाल्यावर त्याच दिवशी, शक्य तर परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच, विचारलेले सर्व प्रश्न क्रमवार लिहून काढावेत. पानावर तीन रकाने आखावेत: विचारलेला प्रश्न, प्रत्यक्ष दिलेले उत्तर आणि देता आले असते असे उत्तर. असे टिपण पुढे वाचताना बहुतेक उमेदवारांना एक सुखद आश्चर्य वाटते. मनात घर करून बसलेली मुलाखत आणि कागदावरील मुलाखत यांत अंतर असते आणि कागदावरील मुलाखत सहसा अधिक बरी असते.

खाजगी संस्थेतील दुसऱ्या फेरीसाठी हे टिपण अधिकच उपयोगी पडते. पगाराची अपेक्षा, पूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण, दुसऱ्या गावी बदलीची तयारी यांविषयी पहिल्या फेरीत काय सांगितले, हे उमेदवाराला ठाऊक असले पाहिजे. दुसऱ्या फेरीत तेच प्रश्न पुन्हा विचारले जाण्याचा संभव असतो. उत्तरे परस्परांशी जुळली नाहीत तर उमेदवाराच्या प्रामाणिकपणाविषयी शंका येते. दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले याचाच अर्थ पहिल्या फेरीतील परीक्षकांना उमेदवार पसंत पडला होता, हेही ध्यानी ठेवावे.

आयोगाच्या उमेदवाराने टिपणवहीच्या जोडीला आपला सविस्तर अर्ज ठेवावा. अर्जातील प्रत्येक शब्द म्हणजे एक संभाव्य प्रश्न होय. गावाचे नाव, नदी, पीकपाणी, पदवीचा विषय, छंद, मध्ये खंड पडलेले वर्ष, या सर्वांवर स्वतःस प्रश्न विचारून पाहावेत. उत्तरे पाठ करू नयेत. मुद्दे मनात ठेवून दर वेळी नव्या वाक्यांत बोलावे. पाठ केलेल्या उत्तरातील एक शब्द निसटला की पुढील सारेच कोसळते आणि घबराट वाढते. पुनःपुन्हा वाचत राहण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे हितकारक असते, हे रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. वाचनाची उजळणी पाच मिनिटांनंतर सरस वाटली, परंतु आठवडाभरानंतर आठवून पाहणाऱ्यांच्या स्मरणात अधिक मजकूर शिल्लक होता.

आदल्या दिवसापासून मंडळासमोर बसेपर्यंत

मुलाखत दूरच्या गावी असेल तर आदल्या दिवशीच तेथे पोहोचावे. नागरी सेवा परीक्षेची मुलाखत दिल्लीत धोलपूर हाऊस येथील आयोगाच्या कार्यालयात होते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या उमेदवाराने लांबच्या रेल्वे प्रवासास होणारा विलंब हिशेबात धरावा. मूळ प्रमाणपत्रे, छायाप्रती, बोलावण्याचे पत्र व कपडे यांची यादी करून ती एकदाच तपासावी. आदल्या रात्री जागून वाचन करू नये. झोप नीट लागली नाही तरी त्याची चिंता करीत बसू नये. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही. सकाळी नेहमीचाच हलका आहार घ्यावा आणि चहा-कॉफी नेहमीपेक्षा जास्त घेऊ नये; तिच्यामुळे छातीची धडधड वाढते.

प्रतीक्षा करीत असताना श्वासाकडे लक्ष द्यावे. मनात चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडावा. अशा रीतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास बाहेर टाकताना हृदयाची गती स्वाभाविकपणेच किंचित मंदावते आणि दीर्घ उच्छ्वासाने शरीरास शांतीचा इशारा मिळतो. पाच मिनिटे एवढे केले तरी फरक जाणवतो. मात्र याचा सराव घरी दोन-तीन आठवडे आधी सुरू केलेला असावा.

त्यानंतरही धडधड उरली तर तिला निराळे नाव द्यावे. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी “मी शांत आहे” असे म्हणणाऱ्यांपेक्षा “मला हुरूप आला आहे” असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणे खोटे वाटते. हुरूप म्हणणे खरे वाटते, कारण दोन्हींत शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते.

मंडळासमोर प्रश्न पूर्ण ऐकून, क्षणभर थांबून मगच बोलावे. उत्तर येत नसेल तर “याची माहिती मला नाही, महोदय” असे स्वच्छ सांगावे. संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेत मुलाखतीचा हेतू स्पष्ट केलेला आहे. ती उलटतपासणी नसून विशिष्ट हेतूने चाललेले स्वाभाविक संभाषण आहे; त्यातून उमेदवाराची बौद्धिक तरतरी, मुद्देसूद मांडणी, समतोल निर्णयबुद्धी आणि प्रामाणिकपणा पाहावयाचा असतो. ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरपत्रिकेत होऊन गेलेली असते. अज्ञान मोकळेपणाने कबूल करणारा उमेदवार या कसोटीवर कमी न ठरता उजवाच ठरतो. इंग्रजीच्या धास्तीने ज्यांची वाचा बसते त्यांनी मराठीतून मुलाखत देण्याच्या सोयीचा विचार अर्ज भरतानाच करावा. भाषा हा ऐनवेळी घ्यावयाचा निर्णय नव्हे.

गावाची, शाळेची आणि कार्यालयाची जबाबदारी

उमेदवाराच्या मनावरील ताणाचा काही भाग भोवतालच्या मंडळींनी निर्माण केलेला असतो. मुलाखतीचे पत्र येताच गावात फलक लागतात, “साहेब” म्हणून हाका सुरू होतात, निकालापूर्वीच सत्कार ठरतात. यामागे आपुलकी असते, यात शंका नाही. परंतु एकदा असा सत्कार स्वीकारून रिकाम्या हाताने परतलेल्या तरुणाला दुसऱ्या वेळी सबंध गाव आपल्याबरोबर खोलीत येऊन बसल्यासारखे वाटते. पंचायत सदस्यांनी निकाल लागेपर्यंत कौतुक राखून ठेवावे. त्याऐवजी वाचनालयात रात्री उशिरापर्यंत दिवा, दोन वृत्तपत्रे आणि शांतता यांची व्यवस्था केल्यास ते कौतुक अधिक कामी येईल.

शिक्षकांना करता येण्यासारखे कामही मोठे आहे. निवृत्त मुख्याध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, बँकेचे शाखाधिकारी आणि कृषी विभागातील एखादा अधिकारी यांना एकत्र बोलावून तालुक्याच्या गावी अभिरूप मुलाखती घेता येतात. परिचित व्यक्तींसमोर बोलण्याने भीती मोडत नाही. अपरिचित, वयाने व अधिकाराने मोठ्या व्यक्तींसमोर तीन-चारदा बसल्याने ती मोडते. अभिरूप मुलाखतीनंतर दोष दाखविताना एका वेळी दोनच दाखवावेत आणि एक गुण अवश्य सांगावा.

निवड समित्यांवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या दोन मिनिटांतील अडखळणे उमेदवाराच्या योग्यतेचे माप नव्हे. गाव, शिक्षण अशा परिचित विषयांपासून आरंभ केल्यास खरी व्यक्ती लवकर समोर येते. सर्व उमेदवारांना काही समान प्रश्न विचारल्यास तुलना न्याय्य होते आणि बोलण्यात चतुर, परंतु कामात सामान्य अशा उमेदवाराला अवाजवी लाभ मिळत नाही.

कित्येक आठवडे झोप उडणे, अन्नावरील वासना जाणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही लक्षणे मात्र मुलाखतीच्या साध्या भीतीची नव्हेत. अशा वेळी उपदेश न करता वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते.

दुसऱ्या मुलाखतीस जाणारा उमेदवार अपयशी म्हणून जात नाही. एकदा मिळविलेली पात्रता त्याने पुन्हा सिद्ध केलेली असते, किंवा पहिल्या पारखीत तो उतरलेला असतो. त्याच्यापाशी पहिल्या अनुभवाचे टिपण आहे, श्वासाचा सराव आहे आणि न येणारे उत्तर “येत नाही” असे म्हणण्याचे धैर्य आहे. उद्या अधिकारी म्हणून पूर, दुष्काळ वा दंगलीच्या प्रसंगी त्याला छाती धडधडत असतानाच निर्णय घ्यावे लागतील. भीती सोबत असताना नीट विचार करण्याची सवय त्या सेवेत नित्य लागणार आहे आणि तिचा पहिला पाठ मुलाखतीच्या खोलीबाहेरील बाकावरच गिरवता येतो.